कोरा पडदा, हातातली बॅटरी आणि चकवा : भयखेळांचा इतिहास, वाशीमहून पाहताना



आजचा विषय ऐकून पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांना प्रश्न पडला असेल, इतिहासाच्या व्याख्यानात व्हिडिओ गेम कुठून आले? आणि मागे बसलेल्या पोरांना वाटत असेल, या लोकांना गेममधलं काय कळतं? दोन्ही शंका रास्त आहेत. पण आपण आज बोलणार आहोत ते भीतीच्या इतिहासाबद्दल, आणि भीती हा विषय पुढच्या रांगेलाही माहीत आहे, मागच्या रांगेलाही.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. गेल्या चाळीसेक वर्षांत जे भयखेळ, म्हणजे हॉरर गेम, खरोखर गाजले, त्यांनी माणसाला घाबरवलं ते भुतं वाढवून नाही, तर माहिती कमी करून. हा इतिहास पडद्यावरून एकेक गोष्ट काढून घेण्याचा इतिहास आहे. आणि ज्यांच्याकडून अशी माहिती मुळातच काढून घेतलेली असते, ती माणसं आपल्या जिल्ह्यात रोज रात्री वावरात जातात. तिथपर्यंत आपल्याला पोचायचं आहे.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. टीव्हीवर क्रिकेटची मॅच बघताना खाली एक पट्टी असते. धावा किती, गडी किती, षटकं किती. मैदानावर प्रत्यक्ष बसलेल्या माणसाला ती पट्टी हवेत तरंगताना दिसत नाही. गेममध्येही अशा पट्ट्या असतात. कोपऱ्यात तब्येतीचा पट्टा, म्हणजे हेल्थ बार. दुसऱ्या कोपऱ्यात उरलेल्या गोळ्यांचा आकडा. तिसऱ्या कोपऱ्यात नकाशा, वर कुठे जायचं ते दाखवणारा बाण. या सगळ्याला इंटरफेस म्हणतात. नाणं टाकून खेळायच्या जुन्या यंत्रांवर याची गरजच होती. किती जीव उरले हे कळल्याशिवाय पुढचं नाणं कोण टाकणार?

पण भीतीचं आणि या पट्टीचं पटत नाही. 'तब्येत 80 टक्के' असं लिहिलेलं दिसतंय तोवर आपण हिशेबात असतो. हिशेब करणारा माणूस घाबरतो कमी.

हे फार लवकर कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. 1982 साली अटारी कंपनीचा 'हॉन्टेड हाउस' नावाचा खेळ आला. यंत्राची ताकद इतकी तोकडी, की माणूस काढणंही अवघड. मग त्यांनी काय केलं? घर काळोखात ठेवलं आणि खेळाडूच्या जागी नुसते दोन डोळे दाखवले. काडी पेटवली की तिच्या भोवतीच्या छोट्याशा उजेडात तिथल्या वस्तू दिसायच्या. काडी विझली की पुन्हा डोळेच. आज ते चित्र पोरं हसून सोडून देतील. पण सूत्र तिथेच सापडलं होतं : उजेडाचा छोटा गोल, बाहेर अंधार, आणि त्या अंधारात काय आहे हे सांगायला कुणी नाही.

पुढे फ्रान्समधून 1992 साली 'अलोन इन द डार्क' आला. 1996 साली जपानमधल्या कॅपकॉमचा 'रेसिडेंट ईव्हिल' आला. जपानमध्ये त्याचं नाव 'बायोहॅझर्ड'. त्यात चालताना पडद्यावर एकही पट्टी नव्हती. तब्येत बघायची तर सामानाची पिशवी उघडायची, तिथे हृदयाच्या आलेखासारखी एक रेघ दिसायची. 1998 च्या दुसऱ्या भागात तर जखमी पात्र पोटावर हात धरून लंगडायलाच लागलं. म्हणजे आकड्याचं काम चालण्याकडे गेलं. आपण घरात काय करतो? म्हातारं माणूस उंबरठा ओलांडताना जरा थांबलं की कळतं, आज गुडघा दुखतोय. कुणी आकडा सांगत नाही.

1999 साली कोनामीचा 'सायलेंट हिल' आला. प्लेस्टेशनला लांबवरचं दृश्य उभं करणं झेपत नव्हतं. म्हणून त्यांनी सगळं गाव धुक्यात बुडवलं. अडचणीतून आलेलं ते धुकं पुढे त्या खेळाची ओळखच झालं. शिवाय खेळाडूच्या खिशात एक छोटा रेडिओ दिला. राक्षस जवळ आला की रेडिओ खरखरायचा. दिसत काहीच नाही, खरखर मात्र वाढतेय! इथे इशारा देणारी वस्तू पडद्याच्या कोपऱ्यातून निघून खेळाच्या जगात आली. हा फरक लक्षात ठेवा. कोपऱ्यातली पट्टी फक्त खेळाडूला दिसते, पात्राला नाही. रेडिओ दोघांनाही ऐकू येतो. पात्र आणि खेळाडू यांच्यातली भिंत तिथे पातळ झाली.

प्रत्येक प्रयोग जमला असं मात्र नाही. 1998 सालीच 'ट्रेसपासर' नावाचा डायनोसॉरचा खेळ आला होता. त्यात तब्येत दिसायची ती नायिकेच्या छातीवर गोंदलेल्या हृदयात, आणि उरलेल्या गोळ्या ती तोंडानं सांगायची. कल्पना धाडसी होती, पण खेळ आपटला. हात हलवणं इतकं किचकट केलं होतं, की भीती राहिली बाजूला आणि लोक वैतागले. त्यातून हे कळलं, की नुसत्या पट्ट्या काढून भागत नाही. काढलेल्या पट्टीचं काम जगातल्या दुसऱ्या कशानं तरी करावं लागतं. 2008 च्या 'डेड स्पेस'नं ते नीट केलं. त्यातल्या नायकाच्या पाठीच्या कण्यावर दिव्यांची माळ होती, तीच त्याची तब्येत.

आता येऊ 2010 कडे. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्स या छोट्या कंपनीनं 'अम्नेशिया : द डार्क डिसेंट' काढला. तोवरच्या बहुतेक भयखेळांत बंदूक नाही तर निदान लाकडी दांडका तरी मिळायचा. यांनी तोही काढून घेतला. हातात एक कंदील. त्याला तेल लागतं, आणि तेल मोजकं. अंधारात उभं राहिलात तर पात्राचं डोकं फिरायला लागतं, भिंती वळवळतात, श्वास वाढतो. उजेडात उभं राहिलात तर जो शोधतोय त्याला तुम्ही दिसता. आणि त्याच्याकडे बघितलं तरी डोकं आणखी फिरतं. बघावं तरी पंचाईत, न बघावं तरी पंचाईत. पुढच्या रांगेतल्या मंडळींनी कंदिलाची वात कमी करून रॉकेल वाचवलेलं आहे. त्यांना हा खेळ शिकवायला लागणार नाही.

2014 साली दोन खेळ आले आणि ही वाट टोकाला गेली. पहिला 'एलियन : आयसोलेशन'. अवकाश स्थानकात एक प्राणी फिरतोय, त्याला मारता येत नाही. हातात हालचाल टिपणारं एक यंत्र आहे, पण त्याच्या काचेवर नजर लावली की समोरचं दृश्य धूसर होतं. म्हणजे माहिती हवी तर नजर गमवा. खेळ जपून ठेवायचा तर भिंतीवरच्या यंत्रापाशी काही क्षण उभं राहायचं, आणि तो प्राणी तेवढ्यातही येऊ शकतो. काही यंत्रांवर तर माइक चालू ठेवायची सोय होती. तुमच्या खोलीत खरोखर भांडं पडलं, तर ते त्या प्राण्याला ऐकू जायचं.

दुसरा 'पी. टी.'. तो फुकट होता आणि लहानसा होता. त्यात एका घराचा काटकोनात वळणारा एकच बोळ होता. बोळाच्या टोकाला दार. दार उघडून पुढे जावं तर पुन्हा तोच बोळ. पुन्हा दार, पुन्हा तोच बोळ. दर खेपेला काहीतरी किंचित बदललेलं. पडद्यावर पट्टी नाही, बाण नाही, काय करायचं याची सूचना नाही. कोड्यातून बाहेर पडणाऱ्यांना शेवटी कळलं, की ही 'सायलेंट हिल'च्या नव्या भागाची जाहिरात होती. तो भाग पुढे रद्द झाला आणि 2015 च्या एप्रिलअखेर 'पी. टी.' दुकानातून काढूनही टाकला. पण पुढचे कितीतरी भयखेळ त्या एका बोळातून निघाले.

आता आम्हाला सांगा, तो बोळ तुम्ही आधी कुठे ऐकलाय?

याला आपल्याकडे चकवा म्हणतात. रोजची पायवाट, रोजचं वावर, रोजचा बांध. रात्री माणूस निघतो आणि चालत राहतो. चिंचेचं झाड मागे टाकलं म्हणतो तोवर तेच झाड पुढे येतं. पहाटे कोंबडा आरवतो तेव्हा कळतं, आपण रात्रभर त्याच तुकड्याला फेऱ्या मारत होतो. आपल्या लोककथांत मुंजा आहे, हडळ आहे, वेताळ आहे. त्यांना रूप आहे, राहायचं ठिकाण आहे, काहींचं ठरलेलं मागणंही आहे. चकव्याला यातलं काहीच नाही. तो दिसत नाही, बोलत नाही, मागत नाही. तो फक्त तुमचा नकाशा काढून घेतो.

आणि चकव्याच्या गोष्टीत उपायही सांगितलेला असायचा : चालू नका. बसून घ्या, उजाडू द्या. विचार केला तर हा अगदी व्यवहाराचा सल्ला आहे. अंधारात खुणेची वस्तू दिसत नसेल तर माणूस सरळ रेषेत चालत नाही, वर्तुळात फिरतो, हे आता प्रयोगांनीही दाखवलं आहे. म्हणजे भीतीच्या त्या गोष्टीत अंधारात वागायची रीत गुंडाळून ठेवलेली होती.

मराठीत छापील भयकथा आली तीही हेच करत आली. नारायण धारपांची कथा एखाद्या साध्या घरात सुरू होते. माणसं मध्यमवर्गीय, नोकरी, पत्रव्यवहार, भाड्याची जागा. वाचकाला पात्रापेक्षा जास्त काही कळू द्यायचं नाही, ही त्यातली खुबी. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांतही धक्का बाहेरून येत नाही, ओळखीच्या माणसातूनच वर येतो. याच धारपांच्या कथेतून पुढे 2018 चा 'तुंबाड' निघाला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलंय, की ती गोष्ट त्यांनी पहिल्यांदा ऐकली 1993 साली, एका मित्राच्या तोंडून, नागझिऱ्याच्या जंगलात. नागझिरा म्हणजे आपलं विदर्भच. मोठ्या पडद्यावरच्या त्या भीतीचं मूळ असं अंधारात बसून सांगितलेल्या गोष्टीत आहे.

आता आणखी मागे जाऊ. वाशीमकरांना वत्सगुल्म हे नाव नवं नाही. राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचं लग्न लावलं ते याच गावात. वाकाटकांची एक शाखा इथून राज्य करत होती. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या शाखेचा हरिषेण गादीवर असताना अजिंठ्याची मोठी कामं झाली. सोळाव्या क्रमांकाचं लेणं त्याचा मंत्री वराहदेव यानं कोरवलं, आणि सतराव्याच्या लेखात हरिषेणाचं नाव आहे.

त्या सतराव्या लेण्यात एका भिंतीवर सिंहलाची कथा आहे. व्यापाऱ्यांचं जहाज फुटतं, ते एका बेटावर लागतात. तिथल्या सुंदर बाया म्हणजे राक्षसिणी. एक राक्षसीण सिंहलाचा पाठलाग करत थेट राजाच्या वाड्यात शिरते, आणि रात्रीतून वाड्यातली माणसं खाल्ली जातात. राक्षसिणी माणसं फाडून खाताहेत, हे त्या भिंतीवर रंगवलेलं आहे. म्हणजे वाशीमच्या राजाच्या काळातलं हे भयचित्र म्हणायला हरकत नाही.

पण आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. या चित्रात आखीव चौकटी नाहीत. पहिला प्रसंग, दुसरा प्रसंग असे आकडे नाहीत. अजिंठ्याची चित्रं बरेचदा काळाच्या क्रमानं नाही तर जागांच्या क्रमानं लावलेली आहेत, हे विद्या दहेजियांसारख्या अभ्यासकांनी दाखवलंय. वाड्यात घडलेलं सगळं वाड्यापाशी, बेटावरचं बेटापाशी. आणि लेण्यात उजेड किती? दारातून येतो तेवढा आणि हातातल्या दिव्याचा. दिवा सरकेल तसा भिंतीचा एकेक तुकडा उघडणार. पुढे काय आहे हे दिवा पुढे नेल्याशिवाय कळणार नाही. अजिंठ्याचे चित्रकार करमणुकीचा खेळ करत नव्हते, ती श्रद्धेची जागा होती. दोन्ही एकच आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण बघणाऱ्याला चित्रासमोर उभं न करता चित्राच्या आत चालायला लावणं, ही युक्ती संगणकाच्या फार आधीची आहे एवढं नक्की.

आता परत आपल्या काळात. 2005 नंतरची भारनियमनाची वर्षं इथल्या तिशी-चाळिशीतल्या सगळ्यांना आठवतात. कित्येक तास लाइट नाही, परीक्षा तोंडावर, मेणबत्तीवर अभ्यास. त्या अंधारात गोष्टी सांगितल्या जायच्या. मग 2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, स्वस्त नेट आलं, आणि 2017 च्या शेवटी 'ग्रॅनी' नावाचा छोटा खेळ फोनवर आला. मागच्या रांगेत माना हलताहेत, म्हणजे माहीत आहे! बंद घर, त्यात एक म्हातारी. बाहेर पडायला पाच दिवस. तुमच्या हातून काही खाली पडलं की तिला ऐकू जातं आणि ती येते. हेल्थ बार नाही. कॉटखाली लपा आणि तिची पावलं ऐका. प्लेस्टेशन ज्या घरात कधी येणार नव्हतं, त्या घरातल्या पोरांपर्यंत ही परंपरा चार-पाच इंची पडद्यातून पोचली. घरातले म्हणाले, पोरगं मोबाइल घेऊन गोधडीत दडून बसतंय. पोरगं कान देऊन बसलं होतं.

आता ज्यासाठी एवढं सगळं मांडलं ते.

या खेळांना लोक 'खराखुरा वाटतो' असं म्हणतात. कशामुळे? चित्रं हुबेहूब आहेत म्हणून नाही, 'ग्रॅनी'ची चित्रं तर ओबडधोबड आहेत. खरं वाटतं कारण कुणी मदत करत नाही. नकाशा नाही, बाण नाही, तब्येतीचा आकडा नाही. आपल्या जिल्ह्यात हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत शेतीची वीज पाळीनं मिळत आली, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस दोन वाजता उठतो, कानाला मफलर बांधतो, बॅटरी घेतो आणि मोटर चालू करायला निघतो. रानडुकरं पिकात शिरतात म्हणून कुणी मचाणावर जागल करतो. त्याच्याही हातात उजेडाचा एक छोटा गोल आहे. बॅटरीचा सेल किती उरला ते उजेड पिवळा पडल्यावर कळतं.

आणि त्याच्या जगातले इशारे बघा. घोणस कुकरसारखी फुत्कारते, म्हणजे सावध व्हायला निदान एक आवाज तरी मिळतो. मण्यार रात्री फिरते, आवाज करत नाही, चावली तरी अनेकदा फारसं दुखत नाही. ज्याला खेळाच्या भाषेत इशारा म्हणतात, तो तिथे नाहीच. 'एलियन' बनवणाऱ्यांनी खेळाडूची उसंत काढून घेतली, पण शेवटी यंत्राचं बटण खेळाडूच्याच हातात होतं. वावरातल्या माणसाकडे तेही बटण नाही. दिवसा वीज मिळावी ही मागणी शेतकरी इतकी वर्षं का करत आले, आणि 2023 पासून सौर कृषी वाहिनीच्या दुसऱ्या टप्प्याकडे लोक इतक्या आशेनं का बघतात, हे समजायला फार अर्थशास्त्र लागत नाही. एक रात्र त्यांच्यासोबत चालावं लागतं.

मग प्रश्न असा उरतो. उद्या इथल्याच एखाद्या पोरानं, पोरीनं असा खेळ बनवायचा ठरवला तर? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 साली 'राजी' काढून दाखवलंय, की इथल्या मातीतला खेळ जगभर जाऊ शकतो. तो भयखेळ नव्हे, पण वाट तर दिसली. समजा खेळाचं नाव 'चकवा'. वावर, मोटर, बॅटरी, रात्रीचे दोन. एकाच्या नाइलाजाचा दुसऱ्यासाठी थरार करणं बरोबर आहे का?

आम्हाला वाटतं, बरोबर होऊ शकतं, पण एका अटीवर. 2017 साली ब्रिटनमध्ये 'हेलब्लेड' नावाचा खेळ निघाला. त्याची नायिका मानसिक आजाराशी झगडते, तिला कानात आवाज येतात. पडद्यावर एकही पट्टी नाही, सगळं हेडफोनमधून. बनवणारे आधी मेंदूच्या अभ्यासकांकडे गेले, आणि ज्यांना असे आवाज खरोखर ऐकू येतात अशा माणसांकडेही गेले. त्यांना विचारलं, ऐकलं, बनवलेलं परत त्यांना दाखवलं. म्हणून तो खेळ आजाराचा तमाशा झाला नाही.

आपल्याकडेही विचारायला माणसं आहेत. जागल केलेले आजोबा आहेत, मळणीच्या खळ्यावर राखणीला थांबलेल्या आज्या आहेत. वारा पडला की तुरीत काय आवाज येतो, डुक्कर आणि रोही यांच्या चालीत फरक कसा ओळखायचा, कुठल्या विहिरीपाशी लोक पाऊल उचलून टाकायचे आणि का, हे त्यांना कानानं माहीत आहे. सौर पंप आले, रात्रीची पाळी संपली, तर ती फार चांगली गोष्ट होईल. त्या दिवशी हे ज्ञान निरुपयोगी ठरेल आणि मग विसरलंही जाईल. त्याच्या आधी ते टिपून घ्यायला हवं. मागच्या रांगेतल्यांच्या खिशात रेकॉर्डिंगचं यंत्र आहेच. पुढच्या रांगेत बसलेल्यांच्या शेजारी जाऊन बसायचं, एवढंच काम आहे.

आता प्रश्न घेऊ. पहिला मान मागच्या रांगेचा.